एकच नाव लिहायचं होतं

सक्करदरा, नागपूर
१३ जुलै २०२५

रोशनी,

बापाचा जयभीम घे. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू आधी तोंड वाकडं केलं असशील आणि मग दार लावून पाकीट उघडलं असशील. शाळेत असताना निकालाचा कागदसुद्धा तू मोरीत जाऊन एकटीनेच वाचायचीस.

फोन तू उचलत नाहीस. उचललास तर "कामात आहे बाबा" एवढंच. मेसेज पाठवला की दोन निळ्या खुणा येतात आणि पुढे सगळं शांत. म्हणून म्हटलं, आपल्या जुन्या धंद्याकडे वळावं. नोकरीभर रेल्वेच्या टपाल डब्यात उभं राहून मी लोकांची पत्रं खणांत टाकली, भुसावळचं भुसावळला आणि बिलासपूरचं बिलासपूरला. तू राहतेस त्या हैदराबादचा खण कुठे असायचा ते अजून हाताला पाठ आहे. पण त्यात स्वतःचं पत्र टाकायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं.

घरी सगळं ठीक आहे. आई विहाराच्या पायरीवरून घसरली आणि खांदा दुखावला. हात गळ्यात बांधलाय. डॉक्टरांनी आराम सांगितला आहे, म्हणून ती पलंगावर बसून फोनवरून सूतगिरणीतल्या बायकांची संघटना चालवते. तिच्या हिशेबी हा आराम झाला. एक हात बांधलेला असला तरी दुसऱ्या हाताने ती मला चहाचा कप कुठे ठेवायचा ते दाखवत असते.

दारात चपलांचा ढीग असतो. बुटीबोरीच्या गिरणीतल्या बायका ड्यूटी सुटली की आळीपाळीने इकडे येऊन बसतात. कुणी भाजी निवडते, कुणी नुसती रस्त्याकडे बघत बसते. मी माझ्याच घरातून बाहेर पडलो की विचारतात, "काका, कोठी चालले? किती वाजता येता?" दुधाची वेळ मी बदलली आहे. दाराला नवीन कडी बसवली, जुनी गंजली होती. तुझ्या खोलीच्या खिडकीलाही जाळी लावून घेतली. डास फार झालेत.

तू आईशी का बोलत नाहीस ते मी विसरलेलो नाही. तुझ्या लग्नात मंगल परिणय होतो न होतो तोच बुटीबोरीहून फोन आला की एका बाईचा हात यंत्रात गेला, आणि आई जेवणाच्या पंगतीतून तशीच उठून गेली. सासरच्यांनी तुला काय काय ऐकवलं तेही मला ठाऊक आहे. जाताना तू म्हणालीस, "तिला हजार लेकी आहेत, एक कमी झाली तर चालेल." त्यावर मी तेव्हा काही बोललो नाही आणि आजही बोलत नाही. तब्येतीला जप. जावईबापूंना जयभीम सांग.

देवराव

पाकीट डिंक लावून बंद केलं होतं, पुन्हा उघडलं. टपालातल्या माणसाने असं करू नये, पण वर मी खोटं लिहिलंय आणि ते असंच पाठवायला मन तयार होईना.

आई पायरीवरून पडली नाही. बुटीबोरीच्या वळणावर ती बायकांबरोबर ऑटोतून उतरली आणि मागून आलेल्या एका मोटरसायकलवाल्याने तिला लाथ घालून पाडलं. "बाई, घरी बस," एवढं म्हणाला आणि निघून गेला. त्याआधी घरावर दगड आला होता, तो आम्ही गल्लीतल्या पोरांच्या क्रिकेटवर ढकलला. तक्रार दिली आहे, पण गाडीचा नंबर कुणी पाहिला नव्हता. गिरणीतल्या बायका काय मागतात? कापसाची धूळ नाकात जाऊ नये म्हणून धड मास्क, लघवीला जायची मोकळीक आणि ठेकेदाराकडून पगाराची चिठ्ठी. एवढ्यासाठी माणूस माणसाला रस्त्यावर पाडतो.

आणि खांदा दाखवायला दवाखान्यात नेलं तर डॉक्टरांनी छातीचीही तपासणी केली. म्हणाले, खांद्याचं सोडा, हृदयाच्या नळ्या बंद होत आल्या आहेत. बायपास करावं लागेल, तेही लवकर. त्यानंतर काही महिने पूर्ण विश्रांती, आणि या गल्लीपासून, या भीतीपासून दूर. मला बाजूला घेऊन त्यांनी सांगितलं की नाहीतर बाई एक दिवस बोलता बोलता खाली बसतील. तुझ्या आईचं उत्तर ऐक. "गिरनीचं बोलनं होऊ द्या, मंग पाहू." गिरणीचं बोलणं तुझ्या लग्नाआधीपासून चाललंय.

हे तुला लिहू नका असं तिने बजावलं आहे. म्हणून तर लिहिलं.


सक्करदरा
३ ऑगस्ट २०२५

रोशनी,

तुझं पत्र मिळालं. दोनच ओळी, "डॉक्टर कोण आहेत? रिपोर्टचे फोटो पाठवा." पण पत्ता तुझ्या हाताचा होता. मी ते पाकीट दिवसभर शर्टाच्या खिशात घेऊन फिरलो. आईने विचारलं, "अजी, खिशात काय हाय?" म्हटलं, विजेचं बिल आहे. फोटो पाठवले आहेत, पाहिले असशील.

आता एक नवलच सांगतो. रोशनी, मी साठी ओलांडलेला माणूस आहे आणि आता नवल वाटण्यासारखं काही उरलं नाही असा माझा समज होता. तो खोटा ठरला.

काजल आठवते तुला? तुझ्या लग्नात जिने मेंदी काढली होती ती, बुटीबोरीच्या गिरणीत धागा जोडते ती पोरगी. तिने मोबाइलवर कुठूनतरी शोधून काढलं की बंगळुरूला एक निधी आहे, आणि तो पैसा मोर्चासाठी देत नाही. बॅनर नाही, मंडप नाही, लाउडस्पीकर नाही. तो देतो मोर्चा काढणाऱ्यांच्या जिवासाठी. अंगावर हल्ला झाला तर राहायला दुसरी जागा, केस लढायला वकील, दवाखाना, आणि थकलेल्याला थोडे दिवस थांबता यावं म्हणून घरखर्च. मी काजलला म्हटलं, "पोरी, असा पैसा या जगात नसतो. कोणीतरी फसवून राहिलं असेल." ती म्हणाली, "काका, मी अर्ज करूनही टाकला." तुझ्या आईचं, सरिताताईंचं नाव घातलं, मोटरसायकलचं लिहिलं, छातीचं लिहिलं. आईला यातलं काही माहीत नव्हतं.

मला रात्रंदिवस एकच वाटत राहिलं. ही चळवळीतली माणसं इतकी वर्षं आपापल्या बीपीच्या गोळ्या लपवून घोषणा देत आली, आणि कुठेतरी कुणीतरी बसून विचार केला की यांनाही छाती असते. कोण असतील गं हे लोक? तुझ्यासारख्याच बँकेत बसणाऱ्या पोरी असतील का?

मागच्या रविवारी त्यांची रीना नावाची मुलगी चौकशीला आली. मूळची अमरावतीची, त्यामुळे बोलणं आपल्याला समजेल असं. निधीवाल्यांचा नियम असा की पैसा देण्याआधी संघटनेतल्या लोकांना भेटायचं आणि ज्याच्या नावाने अर्ज आहे तो खरंच नेता आहे ना, हे त्यांच्याच तोंडून ऐकायचं. रास्तच आहे. उद्या मीही अर्ज करीन की मी सक्करदऱ्याचा क्रांतिकारक आहे.

विहारात सगळ्या बायका जमल्या. आईला घरीच ठेवलं होतं, कारण तिला अजून सांगितलं नव्हतं. मी मागे चपलांजवळ बसलो होतो. रीना उभी राहिली, नमस्कार केला आणि हसून विचारलं, "तुमच्यापैकी नेत्या कोण? म्हणजे तुमच्या नेत्या कोण आहेत?"

पहिल्या रांगेत सुभद्राबाई बसली होती. बुटीबोरीच्या पुढच्या खेड्यातली, घरी अजून दोन बैल आणि शेत, आणि गिरणीत सगळ्यांत जुनी. तिने पदर नीट केला आणि म्हणाली, "मी."

शेजारची म्हणाली, "मी."

मग तिच्या मागची. मग खांबाजवळची, मांडीवर पोर घेऊन बसलेली. "मी." "मी." रांगेमागून रांग. कुणी आवाज चढवला नाही, कुणी हसलं नाही. गिरणीच्या दारावर हजेरी द्यावी तसं एकेक जण सांगत गेली. आणि अगं, काजलसुद्धा! जिने स्वतःच्या बोटांनी सरिताताईंचं नाव भरून पाठवलं होतं, तीही मान ताठ करून म्हणाली, "मी." शेवटी माझ्या बाजूच्या बाईचा नंबर झाला आणि सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. माझ्याही तोंडून निघता निघता राहिलं.

रीनाने हातातला पेन खाली ठेवला.

तुला हा प्रकार कळला असेल, कारण तू त्या घरात वाढलीस. रीनाला कसा कळावा? बऱ्याच वर्षांपूर्वी पहिल्या संपाच्या वेळी गिरणीच्या फाटकावर असाच प्रश्न आला होता की तुमचा नेता कोण. तेव्हाचा एक भला माणूस दोन पावलं पुढे झाला. आठवड्याच्या आत त्याची नोकरी गेली, अंगावर खटला आला, आणि त्याच्यामागे सगळी संघटना पांगली. त्यानंतर तुझ्या आईने नव्याने बायका जमवल्या तेव्हा पहिला नियम हाच केला. मॅनेजर विचारो, पोलीस विचारो, पेपरवाला विचारो, उत्तर एकच, प्रत्येकीने म्हणायचं "मी". दर बैठकीत ती हे म्हणून घ्यायची. पोरांकडून पाढे घोकून घेतात तसं त्यांच्या जिभेवर बसवलंय तिने. मग कागद घेऊन उभी असलेली अनोळखी बाई काय विचारते आणि कशासाठी विचारते, हे कळायच्या आत जीभ हलली.

मी उठून पुढे गेलो आणि रीनाला हा सगळा घोळ समजावला. बायकांच्या लक्षात आलं तेव्हा एकीने कपाळाला हात लावला. काजल रडायलाच लागली. "माह्या तोंडातून निघून गेलं, काका. मी काहून म्हटलं असं?"

रीना सतरंजीवर बसली. मग म्हणाली, "काका, मी खूप ठिकाणी हा प्रश्न विचारते. दोघे-तिघे मी म्हणतात आणि तिथेच त्यांचं भांडण लागतं. इथे सगळ्या म्हणाल्या आणि भांडण नाही." तिचे डोळे भरले होते. माझ्या तर अंगावर काटा उभा राहिला होता, तो अजून बसलेला नाही. ज्या बाईला मी गेली कित्येक वर्षं मीठ कमी पडलं म्हणून बोलत आलो, तिने हे उभं केलंय! मला आपल्या घरात कोण राहतं तेच माहीत नव्हतं.

पण आता अडचण ऐक. रीना म्हणाली की तिने डोळ्यांनी पाहिलं, तिची खात्री पटली, पण वरच्या समितीला एक नाव लागतं. दवाखाना एकाच माणसाचा करायचा असतो, घर एकालाच द्यायचं असतं. संघटनेने तोंडाने नाव सांगावं आणि त्या व्यक्तीने हो म्हणावं, त्याशिवाय समिती हलणार नाही. आणि डॉक्टर म्हणतात थांबू नका.

म्हणजे बघ, जो नियम करून तुझ्या आईने सगळ्यांना वाचवलं, तोच आता तिच्या आड आला आहे.

देवराव


सक्करदरा
२४ ऑगस्ट २०२५

रोशनी,

तू आईच्या तब्येतीचं विचारतेस ते तिला सांगितलेलं नाही. पण परवा ती आपणहून म्हणाली, "पोट्टीचं पत्र येऊन राहिलं नं तुमाले? खिशात बिल ठेवनारे तुमी नाई." आता काय बोलणार! मी पेपरात तोंड घातलं.

तिला निधीचं सांगितलं तेव्हा घरात वादळ झालं. काजलला तिने समोर उभं केलं. "माह्या एकटीच्या छातीसाठी पैसा? तिकडे बायांच्या फुफ्फुसात कापूस जाऊन राहिला अन् मी दवाखान्यात लोळू?" मी मध्ये बोललो तर म्हणाली, "तुमी संघटनेचे मेंबर नाई, गप बसा." हे मात्र खरं आहे. मी इतकी वर्षं फक्त चहाचा मेंबर आहे.

रीना पुन्हा आली ती गुरुवारी, पोळ्याच्या आदल्या दिवशी. या वेळी बैठक आपल्याच घरात झाली. पुढची खोली भरली, उरलेल्या ओट्यावर. आई पलंगावर बसलेली, हात अजून गळ्यात. रीनाने सगळं सांगितलं. दवाखाना होईल, वकील होईल. दाराला दिवा आणि कॅमेरा लागेल. नंतर काही महिने गावाबाहेर एक घर मिळेल. मनावरचा ताण हलका करायला बोलणारी एक बाईसुद्धा मिळेल. यावर आई म्हणाली, "माह्याशी बोलाले बाई कशाले? मी बोलाले लागली तर तिलेच दवाखान्यात न्यावं लागंल." सगळ्या हसल्या. मला वाटलं, चला, बर्फ वितळला.

पण लगेच ती गंभीर झाली. म्हणाली, "मॅडम, पैशाले नाव नाई ठेवत मी. पण एक नाव कागदावर आलं का तो कागद फुटतो. आज तुमच्याकडे, उद्या ठेकेदाराकडे. बाया मले नेता म्हनाल्या, का मंग फाटकावर एकच मानूस उचलला का काम झालं. हे मी नाई होऊ देनार. मरन आलं तर येऊ द्या."

मी सांगतो तुला, त्या क्षणी मला धडकी भरली. ती जिंकली असती. तिचं म्हणणं तिच्या जागी बरोबर होतं, आणि ती बरोबर असली की तिला हलवणं कुणाच्या बापाला जमत नाही हे तुझ्या बापाला पुरतं माहीत आहे.

सुभद्राबाई दाराशी बसली होती. ती उठली आणि पलंगासमोर येऊन उभी राहिली. "सरिता, एक विचारू का वं?"

"विचार नं."

"त्या मोटरसायकलवाल्याले तुह्यं नाव कोनं सांगितलं?"

आईने गळ्यातला हात सावरला. सुभद्राबाई थांबली नाही.

"आमी तर नाई सांगितलं. कोनत्या कागदावरही नव्हतं. तरी एवढ्या बाया उतरल्या ऑटोतून, अन् लाथ तुलेच काहून बसली? त्याले माहीत हाय. ठेकेदाराले माहीत हाय. दगड मारनाऱ्याले घर माहीत हाय. मारनाऱ्याले तुह्यं नाव ठाऊक हाय अन् औषध देनाऱ्यालेच आपन नाई सांगत. हा कोनता नियम झाला वं?"

रोशनी, मी तुझ्या आईला पोलीस अधिकाऱ्यासमोर पाहिलं आहे, मंत्र्याच्या माणसासमोर पाहिलं आहे. तिने कुणापुढे नजर खाली घेतली असं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

सुभद्राबाई रीनाकडे वळली. "लिहा मॅडम. सरिता देवराव गजभिये. आमची नेता." तिचा आवाज कापत होता. जी गोष्ट जिभेला कधी करू दिली नव्हती ती करताना तो कापणारच. मग काजल म्हणाली, मग ओट्यावरच्या म्हणाल्या. खिडकीच्या जाळीतून आत तोंड घालून एकेक बाई तेच नाव घेत होती. आई खाली मान घालून ऐकत होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मी तिचा नवरा, माझ्या तोंडून तिचं नाव रोज निघतं, पण ते नाव असं मी कधी ऐकलं नव्हतं.

पण नुसत्या नावाने काम होत नव्हतं, तिने हो म्हणायला हवं होतं. रीना वाट बघत होती. सुभद्राबाईने पिशवीतून एक वाटी काढली, लोणी आणि हळद. म्हणाली, घरच्या बैलांसाठी काढून ठेवलं होतं, त्यातलं थोडं आणलं. तुला माहीत आहे ना, तिकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे जुवाने सोललेले खांदे चोळून देतात आणि त्याला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण देतात. पोळ्याला कितीही काम असो, त्याच्या मानेवर जू चढत नाही. ती पलंगावर बसली आणि आईच्या दुखऱ्या खांद्याला लोणी लावायला लागली.

"मी बैल हाय का वं?" आई रडता रडता म्हणाली.

"बैल शहाना असते. आवतन देल्लं का पोळ्याले गोठ्यातच राहते. तू त्याच्यापेक्षाही येडी हायेस. उद्यापासून जू खाली, समजलं? गिरनीचं आमी पाहू. नाई जमलं तर शिव्या द्याले ये." मग तिच्या कानाजवळ तोंड नेऊन म्हणाली, "आवतन घे, बाई."

आईने खांद्यावरच्या त्या हातावर आपला चांगला हात ठेवला. मग म्हणाली, "घेतलं."

रीनाने लिहिलं. एवढंच. लोक म्हणतात नागपुरात काही घडत नाही.

ऑपरेशनची तारीख ठरली की कळवीन.

देवराव


रामटेक
५ ऑक्टोबर २०२५

रोशनी,

तारीख कळवली नाही. तू चिडशील, चिड. फोनवर तू तीनदा विचारलंस आणि तीनदा मी म्हटलं की अजून ठरायचंय. ऑपरेशन होऊन गेलं, चांगलं झालं. आई बरी आहे. हे तीन शब्द पुन्हा वाच आणि मग पुढे जा.

न कळवायचा हुकूम तिचा होता. दवाखान्यात नेत होते तेव्हा तिने माझा हात धरला. मला वाटलं, आता काहीतरी गोड बोलेल. ती म्हणाली, "छाती चिरनार हाय म्हनून पोरीले बोलवाचं नाई. भीती दाखवून आनलं तं ते येनं खरं नाई. तिले माहा राग येते, तो तिचा हक्क हाय. मी बरी झाल्यावर येवो, नाईतर नको येवो." मी हो म्हटलं. नाही म्हणायची ती वेळ नव्हती.

आता आम्ही इथे निधीवाल्यांनी घेतलेल्या घरात आहोत. दोन खोल्या, पुढे अंगण, मागे धानाची शेतं. लोंब्या आता भरून वाकायला लागल्यात. गडावरच्या रामाच्या देवळात सकाळी घंटा सुरू झाली की आई म्हणते, "यांचं बरं हाय, देवाले रोज उठवतात. मले तं झोपवाले एवढे लोक लागले." यंदा धम्मचक्र दिनाला दीक्षाभूमीवर बायकांनी पाण्याचा स्टॉल लावला तो तिच्याशिवाय. तिने फक्त फोटो पाहिले आणि म्हणाली की टाकी उन्हात ठेवली.

गिरणीचं बोलणंही तिच्याशिवाय झालं. मॅनेजरने विचारलं म्हणे, "तुमच्या सरिताबाई कुठे आहेत?" काजल म्हणाली, "आमी आलो नं." मास्क मिळाले, पगाराची चिठ्ठी या महिन्यापासून मिळणार. लघवीच्या सुट्टीवर अजून भांडण चालू आहे. काजल हे सांगायला इथवर आली होती. मला वाटलं, आता आई उठून बसेल आणि पुढे काय करायचं ते बोट नाचवून सांगेल. ती ऐकत राहिली. हसली. मग "बरं केलं पोरी," म्हणून कुशीवर वळली आणि झोपली.

रोशनी, ती भरदिवसा झोपली! लग्न झाल्यापासून मी तिला दिवसाउजेडी झोपलेली पाहिली नव्हती. तोंड थोडं उघडं, हात उशाखाली, कपाळावरच्या आठ्या कुठे गेल्या कुणास ठाऊक. मी दारात खुर्ची टाकून बसलो आणि बघत राहिलो. कुणाच्यातरी पैशाने, ज्याला मी ओळखत नाही आणि ज्याने हिला पाहिलेलंही नाही, ही बाई इथे निर्धास्त झोपली आहे. मी देवाबिवाला हात जोडणारा माणूस नाही. पण त्या दिवशी जोडले, कुणाला ते माहीत नाही.

आता मुद्द्यावर येतो. इतके दिवस सुभद्राबाई रजा काढून सोबत राहिली, तिचा रोजही निधीने भरून दिला. पण तिला आता धानाकडे बघायचं आहे. मला वरण लावता येतं, बाकी आईचं अंग पुसताना मी चुकतो आणि तीच मला शिकवते. डॉक्टरांनी सांगितलंय की अजून दोन महिने सोबत बाईमाणूस हवं.

काल रीना आली होती. म्हणाली, "ताई, सोबतीला एक जण राहू शकते. तिचा प्रवास, तिची बुडालेली रोजी, सगळं निधी देईल. बुटीबोरीच्या सगळ्याजणी तयार आहेत, काजलने तर पिशवीही भरून ठेवली आहे. पण मला एकच नाव लिहायचंय. तुम्ही सांगा."

मला वाटलं आई विचार करेल, पाण्याचा घोट घेईल, माझ्याकडे बघेल. यातलं काही केलं नाही.

"रोशनी," ती म्हणाली.

रीनाने लिहिलं. मग हे नाव बैठकीत ऐकल्याचं तिला आठवेना, म्हणून विचारलं, "या तुमच्या संघटनेतल्या आहेत का?"

आई म्हणाली, "नाई. हे माही हाय."

तुझा बाप